शांत घराची आखणी: रंगाचा डबा उघडण्याआधी करायची कामं

शांत घर म्हटलं की बहुतेकांच्या डोळ्यांसमोर एखादा फोटो येतो. फिकट भिंती, लाकडी टेबल, कोपऱ्यात एक झाड, झुळझुळीत पांढरा पडदा. या फोटोत काय काय येत नाही ते बघा. फ्रिजची घरघर येत नाही, कपाटाच्या दाराची कुरकुर येत नाही, बंद खोलीतली कोंदट हवा येत नाही, आणि पडद्याच्या फटीतून नेमकी डोळ्यांवर येणारी दुपारची तिरीपही येत नाही. घरात राहणाऱ्याला त्रास होतो तो या न दिसणाऱ्या गोष्टींचा, आणि पैसे खर्च होतात ते फोटोत दिसणाऱ्या गोष्टींवर.

म्हणून इथला क्रम नेहमीच्या उलट ठेवला आहे. आधी उजेड, मग आवाज, मग हवा, त्यानंतर सामान आणि बसण्या-झोपण्याच्या जागा. रंगाचा नंबर त्याच्याही नंतर. पहिली तीन कामं मनासारखी झाली की भिंती रंगवायची घाई बऱ्याचदा आपोआप ओसरते, असं मी पाहिलं आहे.

पायरी १: आठवडाभर काहीही विकत घेऊ नका

फिनलंडमध्ये पायमिओ इथे क्षयरोग्यांसाठी बांधलेलं एक रुग्णालय १९३३ मध्ये पूर्ण झालं. त्याचे वास्तुरचनाकार आल्वार आल्टो यांनी खोलीचा विचार आडव्या पडलेल्या माणसाच्या नजरेतून केला. त्या काळी क्षयाचे रुग्ण महिनोन्महिने अंथरुणात असत, आणि त्यांच्यासमोर दिवसभर छतच असे. म्हणून आल्टोंनी छताला भिंतींपेक्षा गडद, हिरवट रंग दिला. दिवा रुग्णाच्या डोळ्यांत जाणार नाही अशा जागी बसवला. खोलीत दोन रुग्ण असत, तेव्हा हात धुवायचं बेसिनही असं घडवलं की पाण्याची धार तिरक्या पृष्ठभागावर पडावी आणि एकाच्या हात धुण्याने दुसऱ्याची झोप मोडू नये.

आपल्या घरीही हेच करायचं आहे. घर दारात उभं राहून बघू नका, कारण दारात उभं राहून कुणी जगत नाही. जिथे शरीर खरोखर तासन्‌तास असतं त्या जागा शोधा: पलंगाची तुमची बाजू, सोफ्याचं ठरलेलं टोक, कामाचं टेबल, ओट्यासमोरची जागा. प्रत्येक जागी सकाळी, दुपारी, दिवेलागणीला आणि झोपण्याआधी पाच-पाच मिनिटं बसा किंवा पडा. फोन दुसऱ्या खोलीत ठेवा. वहीत तीन प्रश्नांची उत्तरं लिहा: डोळ्यांना काय खुपतंय, कानाला काय टोचतंय, आणि अंगाला काय नकोसं होतंय?

उत्तरं क्षुल्लक वाटतील. पडल्या पडल्या दिसणारा कपाटावरचा बॅगांचा ढीग, टीव्हीखाली रात्रभर जळणारा निळा ठिपका, पंख्याची टकटक, पाठीमागून सतत येणारी-जाणारी माणसं. वही भरली की घरातल्या प्रत्येकाला वेगळं विचारा. एकाला आवडणारा गाण्यांचा आवाज दुसऱ्याच्या यादीत पहिल्या क्रमांकावर असू शकतो, आणि ते आताच कळलेलं बरं.

पायरी २: उजेड, दिवसाचा आणि रात्रीचा

सगळ्यात जास्त वेळ इथे द्या. आपल्या डोळ्यांत बघण्यासाठीच्या पेशींखेरीज आणखी एक प्रकार असतो. मेलॅनॉप्सिन नावाचं रंगद्रव्य असलेल्या या पेशी मेंदूला ‘बाहेर दिवस आहे की रात्र’ एवढं कळवतात. २००२ च्या सुमारास त्यांचं काम नीट उलगडलं. या पेशी निळसर उजेडाला, म्हणजे ४८० नॅनोमीटरच्या आसपासच्या तरंगांना, सर्वाधिक प्रतिसाद देतात. शरीराच्या घड्याळाची वेळ मुख्यतः यांच्यामुळे लागते. दिवसभर अंधाऱ्या खोलीत बसायचं आणि रात्री भगभगीत ट्यूबखाली, ही दिनचर्या त्या घड्याळाला दोन्हीकडून गोंधळात टाकते.

२०२२ मध्ये या विषयातल्या संशोधकांच्या एका गटाने एकमताने काही आकडे सुचवले. दिवसा डोळ्यांपाशी किमान २५० लक्स (लक्स म्हणजे उजेड मोजायचं एकक), झोपण्याआधीचे तीन तास जास्तीत जास्त १० लक्स, झोपेच्या खोलीत जास्तीत जास्त १ लक्स. हे लक्स वर सांगितलेल्या पेशींच्या हिशेबाने मोजलेले आहेत. फोनवरच्या उजेड मोजणाऱ्या ॲपमध्ये दिसणारा आकडा साधा असतो. पिवळसर दिव्याखाली तो अंदाजे निम्मा धरला तरी घरगुती कामाला पुरतो. मोजताना फोन टेबलावर ठेवू नका, डोळ्यांच्या उंचीवर, तुम्ही जिकडे बघता तिकडे धरा. ढगाळ दिवशीही बाहेर हजारो लक्स असतात, आणि खोलीच्या आतल्या कोपऱ्यात शंभरसुद्धा भरत नाहीत, हे एकदा मोजून पाहिलं की पुढच्या कामाला हुरूप येतो.

आधी दिवसाचा उजेड. खिडकीच्या वरच्या कडेची जमिनीपासूनची उंची घ्या आणि तिची दीड ते दोन पट करा. उपयोगी नैसर्गिक उजेड खोलीत साधारण तेवढ्याच अंतरापर्यंत पोचतो. वरची कड २.१ मीटरवर असेल तर तीन-चार मीटरपर्यंत. दिवसा वापरायच्या सगळ्या जागा या पट्ट्यात आणा. झोपणं, कपाटं, साठवण मागे ढकला. खिडकीला अडून उभं असलेलं कपाट हलवणं हा घरातला सगळ्यात स्वस्त बदल आहे, आणि त्यालाच लोक सगळ्यात जास्त टाळतात.

पडद्याची दांडी खिडकीच्या दोन्ही बाजूंना २० ते ३० सेंटिमीटर पुढे न्या, म्हणजे सरकवलेला पडदा काचेवर न राहता भिंतीवर जमेल. खिडकीला लागून असलेल्या भिंती फिक्या हव्यात. गडद भिंतीतली उजळ खिडकी डोळ्यांना सारखी जुळवाजुळव करायला लावते आणि संध्याकाळपर्यंत डोकं जड होतं. टेबल खिडकीला काटकोनात ठेवा. तोंड खिडकीकडे केलं तर डोळे दिपतात, पाठ केली तर स्क्रीनवर प्रतिबिंब येतं.

आता संध्याकाळ. छताच्या मधोमध एकच जोरकस दिवा, ही व्यवस्था वस्तू शोधायला आणि झाडलोट करायला चांगली. विसावायला ती वाईट, कारण दिवा सतत नजरेच्या टप्प्यात असतो आणि खोलीतला कुठलाच कोपरा सौम्य राहत नाही. त्याऐवजी बसल्यावर डोळ्यांच्या पातळीला किंवा त्याखाली येणारे दोन-तीन छोटे दिवे लावा, असे की शेडमधून बल्ब थेट दिसणार नाही. एक वाचायच्या जागेच्या बाजूला, एक भिंतीवर प्रकाश टाकणारा, एक दूरच्या कोपऱ्यात. दूरचा दिवा महत्त्वाचा. तो नसला की खोली अंधारात संपते आणि लहान वाटते.

बल्ब घेताना खोक्यावर तीन गोष्टी वाचा. उजेड पिवळसर की निळसर ते सांगणारा केल्विनचा आकडा २७०० किंवा त्याखाली असावा. ४००० च्या वरचे बल्ब कामाच्या टेबलापुरते आणि दिवसा वापरा. रंग किती खरे दिसतात ते सांगणारा सीआरआय ९० च्या पुढे असला तर माणसांच्या चेहऱ्यांवर आजारी छटा येत नाही. तिसरी गोष्ट डिमर, म्हणजे उजेड कमी-जास्त करायचं बटण. डिमर लावणार असाल तर बल्बवर तो डिमरवर चालतो असं छापलेलं हवं, नाहीतर तो फडफडतो किंवा गुणगुणतो. फडफड डोळ्यांना दिसत नाही पण कित्येकांचं डोकं दुखवते. फोनचा कॅमेरा स्लो मोशनवर ठेवून दिव्याकडे धरा. जोरात पट्टे धावताना दिसले तर तो बल्ब पॅसेजमध्ये लावा, उशाशी नको.

मंद उजेडाच्या हौशीला एक मर्यादा आहे. वय वाढतं तसं डोळ्यांचं भिंग पिवळं पडतं आणि बाहुली लहान होते. साठीतल्या माणसाच्या दृष्टिपटलावर विशीतल्या माणसाच्या मानाने एक तृतीयांशच्या आसपास उजेड पोचतो. घरात वयस्क असतील तर ‘मूड’साठी जिने आणि न्हाणीघराची वाट अंधारी ठेवू नका. घोट्याच्या उंचीवर, हालचालीने लागणारा अंबर रंगाचा छोटा दिवा तिथे बसवा. पाय दिसतात आणि झोप उडत नाही.

झोपायच्या खोलीत रात्री दिवे घालवून दहा मिनिटं थांबा. डोळे सरावले की चार्जर, राउटर, एसी, मल्टिप्लग यांचे ठिपके एकेक करून चमकू लागतात. काळ्या चिकटपट्टीचे बारीक तुकडे कापून ते झाकून टाका. पडद्याच्या वरून उजेड येत असेल तर दांडीच्या वर एक फळी किंवा झालर लावली की छतावर उमटणारा पट्टा जातो.

पायरी ३: आवाजाचे दोन वेगळे आजार

आवाजाच्या बाबतीत एक घोळ हमखास होतो. बाहेरून येणारा आवाज आणि खोलीत घुमणारा आवाज हे दोन वेगळे त्रास आहेत, आणि एकाचं औषध दुसऱ्याला चालत नाही. रस्त्याच्या गोंगाटासाठी भिंतीवर फोमचे चौकोन चिकटवणं म्हणजे पैसे वाया. फोम आवाज अडवत नाही, आतल्या आत उसळणारा आवाज थोडा शोषतो, तोही मुख्यतः वरच्या पट्टीतला. अडवायला वजन लागतं आणि फटी बुजवाव्या लागतात.

फटींचं गणित मोठं निर्दय आहे. भिंत कितीही भक्कम असो, तिच्या क्षेत्रफळाचा एक टक्का जरी उघडा राहिला तरी आवाजाची एकूण अडवणूक २० डेसिबलच्या पलीकडे जाऊ शकत नाही. नेहमीच्या मापाच्या दाराखाली एक सेंटिमीटरची फट म्हणजे त्या दाराचा जवळपास अर्धा टक्का. म्हणजे महागडी काच बसवण्याआधी रबराची पट्टी आणायची. फटी शोधायची युक्ती अशी: रात्री खोलीत पूर्ण अंधार करा आणि दुसऱ्या कुणाला तरी बाहेरून बॅटरीचा झोत दाराच्या आणि खिडकीच्या चौकटीवरून हळूहळू फिरवायला सांगा. आत जिथे प्रकाशाची रेघ उमटेल तिथे पेन्सिलीने खूण करा. उजेड येतो तिथून आवाज येतोच. बिजागरीच्या बाजूला आणि सरकत्या खिडकीचे दोन पल्ले जिथे एकमेकांवर येतात तिथे बहुतेक खुणा सापडतील. ज्या खोलीत गॅसवर किंवा इतर इंधनावर चालणारं उपकरण आहे तिथे मात्र हवेची वाट बंद करायची नाही.

घुमण्याचा इलाज सोपा. खोलीच्या मध्यभागी उभं राहून एक टाळी वाजवा. मागे ‘झिंग’ असा शेपूट उरला तर खोलीत टणक पृष्ठभाग जास्त आहेत. खोलीतल्या आवाजाच्या शास्त्राची सुरुवातच गाद्यांनी झाली. १८९५ मध्ये हार्वर्डच्या एका नव्या व्याख्यानगृहात बोललेला शब्द साडेपाच सेकंद रेंगाळत असे आणि पुढचं बोलणं कळत नसे. वॉलेस सबीन या तरुण प्राध्यापकाने जवळच्या नाट्यगृहातल्या आसनांच्या गाद्या रात्री आणून, मोजून मांडल्या आणि दर वेळी आवाज किती वेळ टिकतो ते तपासलं. जितका मऊ पृष्ठभाग जास्त तितका आवाज लवकर विरतो, हे त्यातून सूत्रात आलं. तुमच्या खोलीलाही हेच हवं: जाड गालिचा आणि त्याखाली अस्तर, चुण्या भरपूर असलेले जड पडदे, कापडी सोफा, पुस्तकांनी भरलेलं उघडं फडताळ. समोरासमोरच्या दोन मोकळ्या भिंतींपैकी एकीवर काहीतरी मऊ आलं तरी लगेच फरक कळतो.

याखेरीज घर स्वतः जो आवाज करतं तो. खुर्च्यांच्या पायांना फेल्टच्या चकत्या, कपाटाच्या दारांना सॉफ्ट क्लोज बिजागऱ्या किंवा नुसते रबरी ठिपके, फ्रिज भिंतीपासून थोडा दूर आणि चारही पायांवर समतोल, पंख्याचे स्क्रू घट्ट. एका दुपारचं काम. जागतिक आरोग्य संघटनेने १९९९ च्या मार्गदर्शक तत्त्वांमध्ये झोपेच्या खोलीत सलग आवाज ३० डेसिबलच्या आत असावा असं म्हटलं आहे, आणि एकेक सुटा आवाज ४५ च्या वर जाऊ नये असंही. एकसारख्या आवाजाला आपण थोडेफार सरावतो. अचानक आदळणाऱ्या दाराला सरावत नाही. म्हणून सुट्या आवाजांपासून सुरुवात करा. बाहेरचा गोंगाट काही केल्या कमी होत नसेल तर पंख्याचा एकसुरी आवाज त्याला झाकतो. उपाय फार सुंदर नाही, पण लागू पडतो.

पायरी ४: हवा, ओल आणि वास

खोली कोंदली आहे की नाही हे आत बसलेल्याला कळत नाही, कारण नाक पटकन सरावतं. बाहेरून आलेल्याला पहिल्या श्वासात कळतं. म्हणून बाहेरून घरी आल्यावरच्या पहिल्या अर्ध्या मिनिटात काय वाटलं ते वहीत लिहा.

माक्स फॉन पेटेनकोफर या जर्मन आरोग्यशास्त्रज्ञाने १८५८ मध्येच घरातल्या हवेची मर्यादा सुचवली होती: कार्बन डायऑक्साइड दहा लाख भागांत १००० भाग. बाहेरच्या हवेत आज तो ४२० च्या थोडा वर असतो. दारं-खिडक्या लावून दोन माणसं झोपली की सकाळपर्यंत आकडा सहज १५०० ते २००० च्या पुढे जातो. तो वायू त्या प्रमाणात विषारी नाही. हवा बदललेली नाही एवढंच तो सांगतो. छोटा मीटर मिळाला तर एक रात्र लावून बघा. उपाय म्हणजे समोरासमोरच्या दोन खिडक्या किंवा खिडकी आणि दार एकाच वेळी दहा मिनिटं उघडणं. एकच खिडकी तासभर किलकिली ठेवण्यापेक्षा हे जास्त कामाचं. बाहेरची हवा धुरकट असते त्या वेळी मात्र खिडक्या बंद आणि हेपा फिल्टर (हवेतले बारीक कण अडवणारी गाळणी) चालू. झोपेच्या खोलीचं आतलं दार रात्री थोडं उघडं ठेवलं तरी बराच फरक पडतो. आवाजाशी इथे तडजोड करावी लागेल, ती तुमच्या वहीतल्या नोंदी बघून ठरवा.

घरातली झाडं हवा शुद्ध करतात हा समज फार पसरला आहे. त्याचं मूळ नासाच्या १९८९ च्या एका प्रयोगात आहे, पण तो बंदिस्त लहान पेट्यांमध्ये झाला होता. २०१९ मध्ये अशा प्रयोगांचा एकत्र हिशेब मांडला गेला, तेव्हा निघालं की नेहमीच्या वायुवीजनाची बरोबरी करायला दर चौरस मीटरला दहा ते हजार झाडं लागतील. झाडं जरूर ठेवा, बघायला ठेवा. हवेसाठी खिडकी उघडा.

आर्द्रता ४० ते ६० टक्क्यांच्या मध्ये राहिली तर बहुतेकांना बरं वाटतं. त्याहून खूप वर गेली की बुरशी आणि धुळीतले किडे फोफावतात. भिंतीला पोपडे सुटले असतील, कुबट वास येत असेल तर आधी पाणी कुठून मुरतंय ते शोधा. ओलीवर रंग लावला तर तो पुढच्या वर्षी पुन्हा सुटणारच. नवं एमडीएफ किंवा प्लायवूडचं फर्निचर फॉर्मल्डिहाइड सोडतं, तेव्हा कमी उत्सर्जनाचा दर्जा असलेलं घ्या आणि पहिले काही आठवडे ती खोली भरपूर वाहती ठेवा. सुगंधी मेणबत्त्या आणि फवारे वास काढत नाहीत, त्यावर दुसरा वास चढवतात. कचऱ्याचा डबा, मोरीची जाळी, ओले टॉवेल, फ्रिजच्या दाराचं रबर ही चार ठिकाणं आधी साफ करा, मग सुगंध हवासा वाटला तर बघू.

पायरी ५: पसारा जिथे पडतो तिथेच त्याची जागा

२०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी अभ्यासात जोडप्यांना आपलं घर दाखवत त्याचं वर्णन करायला सांगितलं होतं. ज्या बायकांच्या बोलण्यात पसारा आणि अर्धवट राहिलेली कामं वारंवार आली, त्यांच्या शरीरातलं कॉर्टिसोल, म्हणजे ताणाशी जोडलेलं संप्रेरक, दिवस मावळताना जसं उतरायला हवं तसं उतरत नव्हतं. पसाऱ्यामुळे ताण की ताणामुळे पसारा, हे त्यातून ठरत नाही. मला त्यातला ‘अर्धवट राहिलेली कामं’ हा भाग मोलाचा वाटतो. खुर्चीवर पडलेला शर्ट नुसता शर्ट नसतो, ती एक आठवण असते: धुवायचाय, बटण लावायचंय.

म्हणून आवराआवरीची सुरुवात फेकाफेकीने करू नका. आधी पसारा साचतो त्या जागांचे फोटो काढा. दाराजवळ किल्ल्या आणि पिशव्या, जेवणाच्या टेबलावर कागद, खुर्चीवर अर्धे वापरलेले कपडे. या वस्तू तिथे पडतात कारण हात तिथे मोकळा होतो. त्यांची कायमची जागा तिथूनच एक हात अंतरावर करा. दाराशी खुंट्या आणि एक उथळ खण, टेबलाजवळ कागदांचा एकच ट्रे, पलंगाजवळ पुन्हा वापरायच्या कपड्यांसाठी तीन-चार हुक. झाकण उघडून, डबा ओढून, दुसरी वस्तू बाजूला करून ठेवावी लागणारी जागा आठवड्यात ओस पडते.

डोळ्यांच्या उंचीवर बंद दारं, खाली-वर उघडी फडताळं, असा ढोबळ नियम ठेवा. पलंगावरून आणि सोफ्यावरून दिसणारी भिंत रिकामी किंवा एकाच गोष्टीची असू द्या. आणि घर रिकामं करण्याच्या नादात माणसांच्या खुणा पुसू नका. आवडती पुस्तकं, मुलांनी काढलेली चित्रं, जुनी पेटी, हे सगळं नजरेला आसरा देतं. अगदी मोकळ्या, टणक खोलीत वर सांगितलेली टाळी कशी वाजते तेही आठवा.

पायरी ६: पाठीला भिंत, नजरेला वाट

ब्रिटिश भूगोलतज्ज्ञ जे ॲपलटन यांनी १९७५ मध्ये एक कल्पना मांडली: माणसाला जिथून पुढचं दिसतं आणि पाठ सुरक्षित राहते अशा जागा मनापासून आवडतात. हॉटेलात कोपऱ्यातलं टेबल आधी भरतं ते उगाच नाही. घरात हे अमलात आणणं सोपं आहे. मुख्य आसनाची पाठ भिंतीला किंवा उंच फडताळाला लावा, आणि बसल्यावर दार व शक्यतो खिडकी दोन्ही दिसू द्या. पलंगाचंही तेच, डोक्यामागे भक्कम भिंत, दार तिरक्या नजरेत.

मापं अशी धरा: येण्या-जाण्याच्या वाटेला ७५ ते ९० सेंटिमीटर, सोफा आणि समोरच्या टेबलात ४० ते ४५, पलंगाच्या उतरायच्या बाजूला किमान ६०. रोज एखाद्या कोपऱ्याला मांडी आपटत असेल तर फर्निचर खोलीला मोठं आहे. ते बदला किंवा एक तुकडा बाहेर काढा. वाट बसलेल्यांच्या मधून जाऊ नये, त्यांच्या बाजूने जावी. चिकटपट्टीने फरशीवर आधी आखून बघा, मग सामान ओढा.

एक छोटी जागा अशी ठेवा जिथे काहीच काम होत नाही. खिडकीचा कट्टा, कोपऱ्यातली खुर्ची, एवढंही पुरे. तिथे चार्जिंगचा प्लग नको.

पायरी ७: खिडकीतून काय दिसतं

रॉजर उलरिच या संशोधकांचा १९८४ चा अभ्यास या विषयात सतत सांगितला जातो, आणि तो सांगण्यासारखा आहेच. पेनसिल्व्हेनियातल्या एका रुग्णालयात पित्ताशयाची शस्त्रक्रिया झालेल्यांच्या १९७२ ते १९८१ च्या नोंदी त्यांनी तपासल्या. २३ जोड्या लावल्या. प्रत्येक जोडीतल्या एकाच्या खिडकीतून झाडं दिसत, दुसऱ्याच्या खिडकीतून विटांची भिंत. झाडं दिसणारे लवकर घरी गेले आणि त्यांना तीव्र वेदनाशामकं कमी लागली. नमुना लहान होता, पण पुढे बऱ्याच अभ्यासांचा कल त्याच बाजूला गेला.

खिडकीत झाड दिसत असेल तर पलंग किंवा खुर्ची त्या बाजूला वळवा. बाकी सजावट त्यापुढे फिकी. दिसत नसेल तर खिडकीच्या तळाशी कुंड्यांची रांग लावून समोरची भिंत खालून झाका आणि आभाळाचा तुकडा मोकळा ठेवा. झाडं निवडताना तुमच्या हाताला किती पाणी घालायची सवय आहे ते बघा. मरगळलेलं रोप खोलीला उदास करतं. घरात लहान मुलं किंवा प्राणी असतील तर रोप विषारी नाही ना, हे आणण्याआधी विचारून घ्या.

पायरी ८: आता रंग

अमुक रंग शांत करतो, तमुक भूक वाढवतो, असल्या याद्यांवर फार विसंबू नका. १९७९ मध्ये अलेक्झांडर शाउस यांच्या सांगण्यावरून सिॲटलमधल्या नौदलाच्या एका तुरुंगकोठडीला विशिष्ट गुलाबी रंग दिला गेला आणि कैदी शांत झाले असं जाहीर झालं. हा रंग पुढे अनेक तुरुंगांत गेला. नंतरच्या काटेकोर चाचण्यांत तो परिणाम टिकला नाही.

टिकतात त्या गोष्टी साध्या आहेत. रंग कोणता यापेक्षा तो किती भडक आहे याला जास्त महत्त्व; करडी छटा मिसळलेला हिरवा, निळा किंवा मातकट, कुठलाही चालेल. शेजारच्या दोन पृष्ठभागांतला फरक सौम्य ठेवा. चकचकीत फिनिश दिव्यांची प्रतिबिंबं उधळतं, म्हणून भिंतींना मॅट, आणि हात लागणाऱ्या ठिकाणी धुता येईल असा किंचित चमकीचा. नमुना भिंतीवर थेट न लावता मोठ्या पुठ्ठ्यावर दोन हात देऊन लावा आणि तो पुठ्ठा खोलीभर फिरवा: खिडकीशेजारी, अंधाऱ्या कोपऱ्यात, रात्री दिव्याखाली. हे सगळं नवे बल्ब बसवल्यावर करा, कारण पांढऱ्या ट्यूबखाली निवडलेला राखाडी पिवळ्या दिव्यात मळका दिसू शकतो. आणि पायमिओ आठवून पलंगावर पडून छताकडे बघा. पाचव्या भिंतीचा विचार बहुतेक जण करतच नाहीत.

कापडाची निवड डोळे मिटून करा. चादर, पांघरूण, सोफ्याचं कापड गालाला लावून बघा. टोचत असेल तर कितीही सुंदर दिसो, परत ठेवा.

सगळं एकदम जमणार नसेल तर

झोपायच्या खोलीपासून सुरुवात करा. आयुष्याचा तिसरा हिस्सा तिथे जातो, आणि ती खोली लहान असल्याने खर्चही कमी. त्या खोलीत अनुक्रमे अंधार, फटी, हवा, पलंगाची जागा. मग बसायची खोली. एका वेळी एकच बदल करा आणि आठवडाभर थांबा, नाहीतर फरक कशाने पडला ते कळणार नाही. हे सगळं करूनही झोप सतत उडत असेल, छातीत धडधडत असेल, मन खूप दिवस उदास असेल, तर घराची वही बाजूला ठेवून डॉक्टरांना दाखवा.

घर भाड्याचं असेल तरी वरच्यापैकी बहुतेक कामं खिळा न ठोकता होतात. दिवे प्लगवर चालणारे घ्या, पडद्यासाठी ताणाने बसणारी दांडी वापरा, फटींना सोलून काढता येणारी पट्टी लावा, भिंतीऐवजी गालिचा आणि पडद्यांतून रंग आणा. काढलेले जुने बल्ब आणि पडद्याची मूळ कडी एका डब्यात, खोलीचं नाव लिहून, माळ्यावर ठेवा. घर सोडताना ते परत बसवायचे आणि आपले घेऊन जायचे.